मधूनच बंद पडणारी फटफटी

आमच्या घरी दोन म्हशी, एक गाय आणि एक फटफटी आहे. पहिल्या तिघींचे दुखणे ओळखता येते. वैरणीला तोंड लावले नाही, कान पाडले, रवंथ थांबला, की समजावे काहीतरी बिघडले आहे. फटफटीचे तसे नाही. ती काल संध्याकाळी सुतासारखी चालते, आज सकाळी ओढ्यापाशी बंद पडते, आणि मेस्त्रीपुढे नेऊन उभी केली की पहिल्या किकला सुरू होऊन आपल्यालाच खोटे पाडते. मेस्त्री म्हणतो, "काका, गाडीत काहीच नाही." आपण घरी येतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

कायमचा बिघाड परवडला, पण हा येऊन-जाऊन असणारा बिघाड नको, असे ज्याच्यावर वेळ आली आहे तो म्हणेल. बरेचदा हा विजेचा बिघाड असतो. इंजिनात पिस्टन झिजला तर तो सकाळी झिजलेला आणि संध्याकाळी नवा असे होत नाही. वायरीचे मात्र होते. तार तुटलेली असते पण टोके एकमेकांना टेकलेली असतात. वायरीचे कातडे सोलवटलेले असते पण ते लोखंडाला कधी लागते, कधी लागत नाही. ते कधी लागते हे शोधणे हेच सगळे काम आहे.

आमच्या घरची हकीकत आधी सांगतो. २०१९ सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. गाडी शंभर सीसीची, जुनी घेतलेली, काचेच्या नळीचा फ्यूज असलेली. दूध संकलन केंद्र आमच्या वस्तीपासून पाच किलोमीटर. वस्तीवरून निघाले की उतार, उताराच्या तळाला ओढा, आणि पुढे सपाट रस्ता. दिवाळीच्या आधी एका सकाळी थोरला दोन कॅन दूध घेऊन निघाला आणि ओढ्यापाशी गाडी गपकन बंद पडली. किक मारून मारून पायाला गोळे आले. शेवटी बाजूच्या झाकणाखालचा फ्यूज पाहिला, तो उडालेला. खिशात दुसरा होता तो घातला, गाडी सुरू झाली आणि केंद्रापर्यंत बिनतक्रार गेली.

असे चार-आठ दिवसांनी होऊ लागले. दोनदा टँकर निघून गेला आणि दूध परत आणावे लागले. मेस्त्रीकडे तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला बॅटरी बदलली, दुसऱ्या खेपेला सीडीआयचा डबा बदलला, तिसऱ्या खेपेला किल्लीचे कुलूप बदलले. तीन हजारांच्या वर गेले. मेस्त्रीचा यात लबाडीचा भाग होता असे मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे गाडी बंद पडतच नव्हती. मग तो बिचारा अंदाजाने एकेक वस्तू बदलत गेला. पण अंदाजाने वस्तू बदलणे हा शोध नव्हे. फ्यूज वारंवार उडतो याचा अर्थ कोठे तरी वीज आपला रस्ता सोडून सरळ लोखंडात उतरते आहे. नवी बॅटरी घातली तर ती उलट जास्त जोराने उतरेल. हे शहाणपण मला नंतर आले, हेही कबूल करतो.

मग जे व्हायला नको ते झाले. एका सकाळी फ्यूज संपले होते. थोरल्याने सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद उडालेल्या फ्यूजवर गुंडाळला आणि तो बसवला. खेड्यापाड्यात ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे जण ती करतात. कॅन अडकवले, गाडी सुरू केली आणि अंगणाच्या उतारावर ब्रेकवर पाय ठेवून तो आईची वाट पाहत थांबला. मिनिटभरात सीटखालून धूर निघाला. गाडीपासून दोन हातांवर कडब्याची गंजी, पलीकडे गोठा, टाकीत चार लिटर पेट्रोल. पोराला सुबुद्धी झाली, त्याने आधी किल्ली बंद केली. धूर थांबला. नाहीतर त्या वर्षीची वैरण आणि जनावरे यांचे काय झाले असते, याचा विचार मी आजही फार वेळ करत नाही.

फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कच्ची तार. जास्त वीज वाहू लागली की ती आधी वितळावी आणि बाकीची वायरिंग वाचावी, एवढ्यासाठीच ती असते. तिथे चंदेरी कागद किंवा तांब्याची जाड तार घातली की कच्ची जागा राहत नाही. मग जळते ती सीटखालची वायर. दहा अँपियरचा फ्यूज लिहिला असेल तर दहाचाच घालावा, पंधराचाही नको. किराणा आणायला जाल तेव्हा चार फ्यूज घेऊन हँडलजवळच्या पिशवीत टाकावेत. याहून स्वस्त विमा नाही.

त्या दिवशी गाडी बाजूला ठेवली आणि दूध सायकलवर गेले. संध्याकाळी आमची कारभारीण दुधाची वही घेऊन बसली. तिची सवय अशी, की सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट आणि काही विशेष असेल तर शेजारी दोन शब्द लिहायचे. "उशीर", "परत", "चालत नेले" असे ते शब्द होते. पाने उलटताना ती म्हणाली, "अहो, हे बघा. संध्याकाळच्या खेपेला गाडी एकदासुद्धा बंद पडलेली नाही."

मी म्हणालो, "सकाळी दव असते. दवाने वायरी भिजत असतील." मेस्त्रीही तेच म्हणाला होता.

ती म्हणाली, "मग भाद्रपदात तर पाऊस होता. तेव्हा कुठे बंद पडली? ही म्हैस व्याल्यापासून लागलंय हे. तिच्या आधी एकच कॅन जायचा. आणि संध्याकाळी अजूनही एकच जातो."

वाचकबंधूंनो, तीन हजार रुपयांनी जे सापडले नाही ते त्या वहीत पडून होते. बिघाड सकाळचा नव्हता, दवाचा नव्हता. तो दुसऱ्या भरलेल्या कॅनचा होता. मेस्त्रीकडे कोणी दुधाने भरलेले कॅन अडकवून गाडी नेत नाही, म्हणून तिथे ती शहाण्यासारखी वागत होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कॅन पाण्याने भरून गाडीला अडकवले. फ्यूज काढला आणि त्याच्या जागी इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब दोन वायरींनी जोडला. या बल्बची गंमत नीट समजून घ्यावी. वीज लोखंडात उतरत असेल तर सगळी वीज त्या बल्बमधून जाते आणि तो लख्ख पेटतो. पण त्याच्यातून एक अँपियरही जात नाही, म्हणून वायर जळत नाही आणि फ्यूजही वाया जात नाहीत. ब्रेकचा बल्ब काढून ठेवला आणि सीडीआयचे सॉकेट सोडवले, म्हणजे दुसरे कोणी वीज ओढू नये. किल्ली चालू केली. न्यूट्रलच्या दिव्यामुळे आमचा बल्ब जेमतेम लालसर झाला. ठीक. ब्रेक दाबला. काही नाही. थोरल्याने ब्रेक दाबून धरला आणि मी मागच्या कॅनवर हाताने जोर दिला. बल्ब लख्ख! हात काढला, विझला. पुन्हा दाबला, पुन्हा लख्ख. तीन महिन्यांचा चोर अंगणात उभा होता.

कॅन अडकवण्यासाठी वेल्डिंगवाल्याकडून अँगलचा सांगाडा करून घेतला होता. त्याची एक पट्टी मागच्या मडगार्डखालून जाते, आणि तिथूनच ब्रेकच्या दिव्याची वायर जाते. दोन भरलेले कॅन पडले की पट्टी लवून वायरीला मडगार्डच्या कडेवर दाबायची. वायरीचे कातडे कडेने कापले गेले होते, आत तांबे चकाकत होते. पण त्या वायरीत वीज येते ती फक्त ब्रेक दाबला असताना. म्हणजे दोन कॅन हवेत, उतार हवा आणि ब्रेक हवा. ओढ्यापाशी हे तिन्ही जुळत. फ्यूज बदलला की पुढे सपाट रस्ता, ब्रेक क्वचित, म्हणून गाडी नीट. सगळ्याचा उलगडा झाला. वायरीचा तुकडा बदलला, जोड डाख देऊन पक्का केला, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि पट्टीपासून चार बोटे लांबून बांधून घेतली. खर्च शंभराच्या आत.

आता तुमच्या गाडीचे पाहू. तुमचा चोर निराळ्या ठिकाणी असेल, पण पकडण्याची रीत तीच.

पहिली गोष्ट, गाडी बंद पडली की लगेच किका मारू नका आणि किल्लीही फिरवू नका. गाडी रस्त्याच्या कडेला घेताघेताच हॉर्न दाबा. बिघाड पळून जाण्याच्या आत त्याची साक्ष घ्यायची आहे. हॉर्न, इंडिकेटर, न्यूट्रलचा दिवा असे सगळेच मेले असेल तर वीज मुळातच तुटली आहे. बॅटरीची टोके, फ्यूज आणि त्याची स्प्रिंगची पकड, किल्लीचे कुलूप, या वाटेवरच शोधा. हॉर्न खणखणीत वाजत असेल तर ही वाट धड आहे, पुढे पाहायचे.

पण इथे एक मेख आहे. सगळ्या गाड्या बॅटरीवर ठिणगी पाडत नाहीत. जुन्या कित्येक गाड्यांत ठिणगीची वीज मॅग्नेटोतल्या वेगळ्या कॉइलवरून येते. बॅटरी फक्त हॉर्न-इंडिकेटरपुरती. अशा गाडीत किल्ली बंद करणे म्हणजे वीज तोडणे नव्हे, तर ठिणगीची वायर लोखंडाला टेकवणे. म्हणजे सगळे उलटे झाले. बॅटरीवरची गाडी वायर तुटल्याने बंद पडते. मॅग्नेटोवरची गाडी किल्लीकडे जाणारी वायर तुटली तर बंदच होत नाही, पण तीच वायर सोलवटून कोठे टेकली तर चालता चालता बंद पडते. आपली गाडी कोणत्या जातीची हे ओळखायचे तर फ्यूज काढून किक मारावी. सुरू झाली तर मॅग्नेटोची. क्षणभरच सुरू ठेवा, दिवे लावू नका, आणि हा प्रयोग कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीवरच करा. मॅग्नेटोच्या गाडीत सीडीआयकडून किल्लीकडे जाणारी ती बंद करण्याची वायर सोडवून एक-दोन दिवस गाडी चालवून पाहता येते. बिघाड गेला तर दोष किल्लीत, हँडलवरच्या स्विचात किंवा त्या वायरीत. मात्र तोवर किल्लीने गाडी बंद होणार नाही. ब्रेक दाबून गिअरमध्ये क्लच सोडून बंद करावी लागेल. पोरांच्या हाती ती गाडी देऊ नये.

पेट्रोलचा दोष आणि विजेचा दोष यांत घोटाळा फार होतो. वीज गेली की गाडी कोणी स्विच दाबावा तशी गपकन बंद पडते. पेट्रोल तुटले की ती आधी आचके देते, थोडी चालते, पुन्हा आचके देते. टाकीच्या झाकणाला हवेचे बारीक छिद्र असते. ते मातीने बुजले की दहा-पंधरा किलोमीटरवर गाडी दम तोडते, थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालते, आणि माणूस कॉइल बदलत बसतो. अशा वेळी झाकण उघडून पाहावे. फुस्स आवाज होऊन गाडी चालू लागली तर विजेचा काही संबंध नाही.

गरम झाल्यावर बंद पडणारी आणि वीस मिनिटे सावलीत उभी केल्यावर सुरू होणारी गाडी हा एक वेगळाच प्रकार. टाकीचे झाकण निर्दोष असेल तर अशा वेळी संशय पल्सर कॉइलवर, ठिणगीच्या कॉइलवर किंवा सीडीआयवर घ्यावा. आतली केसासारखी तार तापली की पसरते आणि जोड सुटतो. थंड झाली की पुन्हा टेकते. ही तपासणी घरी थंड गाडीवर करून उपयोग नाही, बंद पडल्या क्षणीच करायची. म्हणून जवळ एक जास्तीचा प्लग ठेवावा. इंजिनातला प्लग न काढता टोपी काढून त्यात हा प्लग बसवावा, त्याचे लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला नीट टेकवून ठेवावे आणि किक मारावी. प्लग हातात धरू नये, आसपास पेट्रोल सांडलेले नसावे. निळी ठिणगी कडकडीत पडली तर दोष पेट्रोलकडे. पडलीच नाही तर विजेकडे. पल्सर कॉइलचा ओम मीटरवर मोजता येतो, पण थंड असताना आकडा बरोबर येऊन गरम असताना दगा देणाऱ्या कॉइल असतात. थंड आकड्यावर विश्वास ठेवून मी स्वतः एकदा फसलो आहे.

पावसात बंद पडणाऱ्या गाडीची प्लगची टोपी आधी पाहावी. अंधार पडल्यावर गाडी सुरू ठेवून टोपीवर पाण्याचा हलका शिडकावा करा आणि लांबून पाहा. निळसर किडे वळवळल्यासारखे दिसले तर वीज बाहेर गळते आहे. टोपी स्वस्त मिळते. कधी टोपीचा स्क्रू जाड वायरीच्या टोकात सैल झालेला असतो. टोपी पिळून काढावी, वायरीचे टोक अर्धा सेंटिमीटर कापावे आणि पुन्हा पिळून बसवावी.

हँडल वळवले की बंद पडते, अशी तक्रार असेल तर तुम्ही नशीबवान. गाडी उभी करून सुरू ठेवा आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. वायरीचा जुडगा जिथे हँडलखाली वळतो तिथे वर्षानुवर्षे वाकून वाकून आतली तार तुटते, वरचे कातडे मात्र शाबूत दिसते. एकेक वायर चिमटीत धरून हलवावी. जी हलवताच इंजिन अडखळेल ती आपली.

अर्थिंगकडे सहसा कोणी पाहत नाही. सगळी वीज परत बॅटरीकडे जाते ती गाडीच्या सांगाड्यातून, आणि सांगाड्याला वायर बांधली असते ती एका बोल्टने. त्याखाली गंज चढला की विचित्र खेळ सुरू होतात. इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवा लुकलुकतो, हॉर्न दाबला की सगळे मंदावते. मीटर असेल तर दिवे लावून बॅटरीचे उणे टोक आणि इंजिनचा उघडा धातू यांमध्ये मोजावे. पाव व्होल्टच्या आत हवे. जास्त भरले तर तो बोल्ट सोडून पॉलिश पेपरने घासावा आणि वर पेट्रोलियम जेली लावावी.

बॅटरीचे आकडेही लक्षात ठेवावेत. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या थोडी वर दाखवते. इंजिन मध्यम वेगात असताना साडेतेरा ते साडेचौदा. सुरू केल्यावर आकडा चढतच नसेल तर भरणा होत नाही. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला, तो बॅटरी आणि बल्ब दोन्ही खाईल.

शेतकऱ्याच्या गाडीला दोन शत्रू असे आहेत की जे शहरातल्या मेस्त्रीच्या ध्यानातही येत नाहीत. एक उंदीर. धान्याच्या खोलीत गाडी लावली की सीटखाली घर केलेच समजा. दुसरे खत. युरिया-सल्फेटचे पोते टाकीवर आडवे टाकून आपण नेतो, दाणे सीटखाली सांडतात, पावसाने विरघळतात आणि पितळी-तांब्याच्या जोडांवर हिरवे कीट चढते. त्या कीटातून वीज कधी जाते, कधी जात नाही. खताची खेप झाली की सॉकेटे उघडून पुसावीत. ओढ्यावर म्हशीबरोबर गाडीही धुणाऱ्यांनी स्विचांवर पाण्याचा मारा करू नये.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या नव्या नियमांच्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी पेट्रोलसुद्धा विजेनेच फवारले जाते. त्यांत अंदाजाने वायरी टेकवणे, चालू गाडीची बॅटरी सोडवणे असले प्रयोग करू नयेत. आतला संगणक महाग आहे. पण फ्यूज, अर्थिंग, बॅटरीची टोके आणि साइड स्टँडचा स्विच हे तिथेही आपणच पाहू शकतो. स्टँडच्या स्विचात चिखल बसून गाडी बंद पडल्याची उदाहरणे आमच्याच गावात दोन झाली. आणि घड्याळावर इंजिनाचा पिवळा दिवा कधी लागला, किती वेळा लुकलुकला, हे लिहून नेले तर मेस्त्रीचा निम्मा वेळ वाचतो.

लिहून ठेवणे मात्र कोणत्याही गाडीला लागू. किती वाजता, ऊन की पाऊस, गरम की थंड, ओझे किती, चढ की उतार, हॉर्न वाजला की नाही. एवढे पाच-सहा वेळा लिहिले की मेस्त्रीकडे "मधूनच बंद पडते" असे मोघम सांगावे लागत नाही.

आमचा तो बल्ब दोन वायरींसकट गोठ्याच्या खांबाला खिळ्यावर टांगलेला असतो. मध्यंतरी धाकट्याने तो घेऊन विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर तपासायला नेला होता. वाटेतच मी त्याला गाठले. हा बल्ब १२ व्होल्टचा, मोटरीला तीन फेजची वीज येते, दोन फेजमध्ये चारशेच्या वर व्होल्ट. तिथे हा बल्ब हातात फुटेल आणि उघड्या वायरी धरणारा जागेवरून उठणार नाही. त्या दिवसापासून बल्बच्या होल्डरला कारभारणीने लाल चिंधी बांधली आहे, आणि पंपाच्या पेटीची किल्ली दुधाच्या वहीशेजारी तिच्याच ताब्यात असते.